पळून झाल्यावर

लांब पल्ल्याच्या व्यावसायिक धावपटूची निवृत्ती बहुधा तिशीच्या उत्तरार्धात येते. बँकेत, शाळेत किंवा महसूल खात्यात या वयाचा माणूस पहिल्या बढतीची वाट पाहत असतो, घराच्या कर्जाचे हप्ते नुकतेच सुरू झालेले असतात आणि साहेब त्याला अजून ‘नवीन पोरगा’ म्हणत असतात. धावपटू मात्र तोवर ‘माजी’ झालेला असतो. इतक्या कमी वयात नावाआधी ‘माजी’ लावण्याची सोय महाराष्ट्रात आणखी एकाच पदाला आहे, ते म्हणजे सरपंच. पण माजी सरपंचाला पुढची निवडणूक असते. दहा हजार मीटर धावणाऱ्याला पुढे फक्त गुडघे असतात.

या व्यवसायाचा हिशेब मांडणे सोपे आहे, पण तो मांडू नये असे बहुतेक माजी धावपटूंना वाटते. मॅरेथॉनची तयारी करणारा अव्वल धावपटू आठवड्याला 160 ते 200 किलोमीटर धावतो. दुखापती, आजारपणे आणि शर्यतीनंतरची विश्रांती वजा करून वर्षाला सात हजार किलोमीटर धरले, तरी पंधरा वर्षांत आकडा लाखाच्या पुढे जातो. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर 40,075 किलोमीटर आहे, म्हणजे ही अडीचहून अधिक पृथ्वीप्रदक्षिणांची पुण्याई झाली. प्रत्यक्षात यातला बराच भाग एका मैदानाभोवती आणि त्याच्यामागच्या रस्त्यावर घातलेला असतो. दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकच्या बरोबर 25 फेऱ्या. त्या पुऱ्या झाल्या की खेळाडू जिथून निघाला तिथेच, फक्त घामाघूम होऊन, परत येतो. सरकारी कचेरीत दाखला काढायला जाणाऱ्या नागरिकालाही हा अनुभव मिळतो, पण त्याला पदक देण्याची पद्धत नाही.

धावणे हा व्यवसाय नव्हता तोवर निवृत्तीचा प्रश्नही नव्हता. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वे आले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटांनी भारतीय चमू पाठवण्याची खटपट केली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. त्या पिढीला धावण्याचे पैसे मिळत नव्हते, त्यामुळे धावणे सुटल्याने काही बुडतही नव्हते. उलट पैसे घेणे हाच गुन्हा होता. नऊ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेल्या फिनलंडच्या पावो नुर्मीला, धावण्याचे पैसे घेतो या आरोपावरून 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधून बाद केले गेले. नुर्मीने पुढे बांधकामाचा धंदा केला, हेलसिंकीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान टाकले, भरपूर पैसा कमावला, आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही. 1952 मध्ये त्याच हेलसिंकीत ऑलिंपिकची ज्योत घेऊन तो धावत मैदानात आला तेव्हा 55 वर्षांचा होता. तोवर त्याच्या हौशीपणाविषयी कुणाची तक्रार उरली नसावी.

आजच्या निवृत्तीचा पहिला टप्पा म्हणजे घोषणा, आणि ती एकदा करून भागत नाही. इथिओपियाच्या हेले गेब्रसेलासीने 7 नोव्हेंबर 2010 रोजी न्यूयॉर्क मॅरेथॉन गुडघेदुखीमुळे वाटेतच सोडली आणि त्याच दिवशी पत्रकारांसमोर निवृत्ती जाहीर केली. काही दिवसांत त्याने ती मागे घेतली. खरी निवृत्ती आली 2015 मध्ये, मँचेस्टरला. त्याच वर्षी ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफने लंडन मॅरेथॉनमध्ये साश्रू निरोप घेतला, आणि 2025 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी, टोकियो आणि बॉस्टन या दोन मॅरेथॉन दोन महिन्यांच्या आत, दोन्ही तीन तासांहून कमी वेळात धावून दाखवल्या. अमेरिकेच्या रायन हॉलची तऱ्हा आणखी निराळी. शरीर पार थकले म्हणून त्याने 2016 मध्ये, 33 व्या वर्षी, धावणे सोडले. मग जिममध्ये वजने उचलून दंड कमावले. आणि 2017 च्या जानेवारीत सात दिवसांत सात खंडांवर सात मॅरेथॉन धावला. थकलेल्या माणसाने असे करू नये असा अर्थात कुठे नियम नाही. मराठी रंगभूमीवरच्या ‘अखेरच्या प्रयोगां’ची परंपरा ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटू नये.

या धरसोडीला कारण आहे. पैलवानाला चितपट झाल्याचे पाठीला कळते, फलंदाजाला दांडी गुल झालेली दिसते. लांब पल्ल्याच्या धावपटूचे वय मात्र वर्षांत नव्हे, मिनिटांत वाढते. गेल्या वर्षी मॅरेथॉनला जो वेळ लागला त्याहून यंदा दोन मिनिटे जास्त लागली, एवढाच पुरावा हाती असतो. दोन मिनिटांनी काय होते, असे घरचे विचारतात. अव्वल मॅरेथॉनच्या वेगाने दोन मिनिटांत सहाशे मीटरहून जास्त अंतर होते. एवढ्या अंतरात पुढच्याचा अंगरखासुद्धा ओळखू येत नाही, पण हे घरच्यांना समजावणे मॅरेथॉनपेक्षा अवघड असते, आणि त्यात निम्मी निवृत्ती लांबते.

शरीराला ही बातमी उशिरा कळते, आणि त्यातही प्रत्येक खात्याला वेगळ्या तारखेला. रक्त सर्वांत आधी ऐकते. सराव थांबला की थोड्याच दिवसांत रक्तातला द्रवभाग, प्लाझ्मा, घटू लागतो. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, जिला या क्षेत्रातले लोक ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात, दोन-तीन आठवड्यांत पाच-सात टक्क्यांनी उतरते आणि पुढच्या दोनेक महिन्यांत आणखी घसरते. ज्याने सिंहगड पळत चढला असेल, त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या मावशीकडे जाताना धाप लागते आणि मावशी जन्मभर ती आठवण काढते. हृदय मात्र जुनी शिस्त लवकर सोडत नाही. मुरलेल्या धावपटूच्या नाडीचे ठोके विश्रांतीत मिनिटाला चाळीसच्या घरात असतात आणि सराव सुटल्यावरही ते चटकन चारचौघांसारखे होत नाहीत. विम्याच्या तपासणीत डॉक्टर नाडी पाहतात, मग घड्याळ पाहतात, मग पुन्हा नाडी पाहतात. चक्कर येते का, घरात कुणाला हृदयविकार होता का, अशी चौकशी होते. समोरचा माणूस धावपटू होता हे कळल्यावर डॉक्टरांचा जीव भांड्यात पडतो आणि ते लगेच स्वतःच्या टाचदुखीवर सल्ला विचारतात.

बातमी सर्वांत शेवटी पोचते ती पोटाला. धावताना शरीराच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. 55 किलोचा धावपटू दिवसाला 28 किलोमीटर धावत असेल तर हा खर्च दीड हजाराच्या वर जातो, म्हणजे पंधराएक पोळ्या. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी 28 किलोमीटर बंद होतात. पंधरा पोळ्या बंद होत नाहीत. त्या कमी कराव्यात असे धावपटूला सहा महिन्यांनी वाटू लागते. आईला ते कधीच वाटत नाही, कारण तिच्या मते पोराने पंधरा वर्षे अन्नाची आबाळ केली आणि आता कुठे अंगाला लागते आहे. नातेवाइकांची मते मात्र वर्षागणिक बदलतात. पहिल्या वर्षी लग्नकार्यात भेटलेले काका ‘तब्येत सुधारली हो’ म्हणतात, दुसऱ्या वर्षी ‘चांगलाच सुटलास की’ म्हणतात आणि तिसऱ्या वर्षी काहीच न म्हणता, सकाळी थोडे चालत जा, असे सुचवतात. ज्याने राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवले त्याला चालण्याचे फायदे सांगणारा माणूस महाराष्ट्रात दर घरटी एक सापडतो.

झोपेचे त्रांगडे वेगळे. पहाटे साडेचारला उठण्याची सवय पंधरा वर्षांत हाडात शिरलेली असते, ती कोणत्याही घोषणेने जात नाही. उठून करायचे काय, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात तत्त्वज्ञानाचा वाटतो. दुसऱ्या आठवड्यात घरचे तो सोडवतात. दुधाच्या पिशव्या आणणे, टाकीचा कॉक सोडणे, पाहुण्यांना पहाटेच्या गाडीवर पोचवणे ही कामे आपोआप त्याच्याकडे येतात. ज्या वस्तीत नळाला पाणी पहाटे पाचला येते तिथे अशा माणसाला पदकापेक्षा जास्त मान असतो. उलट दुपारची झोप हा सरावाचाच भाग होता. कोच रागावून झोपायला लावत. ती झोप आता कार्यालयीन वेळेत येते. पुण्यात बदली मिळाली तर हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण दुपारी एक ते चार तिथे धावपटूला वेगळा काढता येत नाही.

मोठ्या स्पर्धांच्या खेळाडूच्या आयुष्यातून निवृत्तीबरोबर आणखी एक गोष्ट जाते, तिची बाहेर कुणाला कल्पना नसते. उत्तेजकविरोधी नियमांप्रमाणे, चाचणीच्या यादीत असलेल्या खेळाडूला पहाटे 5 ते रात्री 11 या वेळेतला रोजचा एक तास निवडून, त्या तासात आपण नेमके कुठे सापडू हे आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली, की बंदीची टांगती तलवार. म्हणजे हा माणूस कुठे आहे, याची तीव्र ओढ असलेली एक संस्था वर्षानुवर्षे त्याच्या आयुष्यात असते. जी माहिती बायकोला कधी धड मिळाली नाही ती या संस्थेला महिनोन् महिने आधी मिळत असते. त्याच्या लघवीच्या नमुन्यासाठी परगावाहून माणसे येत, पहाटे दार वाजवत, हॉलमध्ये बसून चहा घेत आणि नमुना मिळेपर्यंत नजरेआड होऊ देत नसत. लेखी निवृत्ती कळवली की यादीतून नाव निघते आणि हा मान संपतो. पुढे साखर तपासायची वेळ येते तेव्हा डबी स्वतःच लॅबमध्ये न्यावी लागते, आणि तिथली मुलगी मान वर न करता टोकन देते. शिवाय परत यायचे झाल्यास सहा महिने आधी कळवून चाचणीसाठी हजर राहावे लागते. म्हणून शहाणा खेळाडू माइकसमोर काहीही बोलतो, पण कागद सावकाश पाठवतो.

भारतातल्या धावपटूचे पोट बक्षिसांपेक्षा नोकरीवर चालते. सैन्यदल, रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या हे त्याचे जुने आश्रयदाते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. खेळत असेपर्यंत हा कर्मचारी कार्यालयाला वृत्तपत्रातल्या फोटोवरून माहीत असतो. शिबिरे, राष्ट्रीय स्पर्धा, परदेश दौरे यांतून तो वर्षाकाठी दोन-चार दिवस येतो, पेढे वाटतो आणि जातो. निवृत्तीनंतर तो खरोखरच कामावर येऊ लागतो आणि कार्यालयाची अडचण सुरू होते. त्याला टेबल नसते. टेबल मिळाले तर खुर्ची पंख्याखाली नसते. तो वेळेवर येतो, हे पहिल्या आठवड्यात कौतुकाने पाहिले जाते, दुसऱ्या आठवड्यात संशयाने. ठरलेल्या वेगाने, मध्ये न थांबता, शेवटपर्यंत जायचे एवढेच त्याला शिकवलेले असल्यामुळे तो सकाळी फाइल उघडतो ती संपवूनच उठतो. शेवटी एखादे अनुभवी भाऊसाहेब त्याला चहाला नेऊन, दम राखून काम करण्याचे मर्म समजावतात. खरे तर त्याला ते माहीत असते. पहिला अर्धा भाग हात राखून धावायचा आणि दुसऱ्या भागात वेग वाढवायचा, या डावपेचाला शर्यतीत ‘निगेटिव्ह स्प्लिट’ म्हणतात आणि तो साधायला जन्म जातो. शासकीय खर्चाच्या बाबतीत सगळे खाते तो दर वर्षी मार्चमध्ये सहज साधते, हे पाहून नवा कर्मचारी थक्क होतो.

वृत्तपत्रांनी दिलेली उपाधीही त्याच्याबरोबर कार्यालयात येते. महाराष्ट्रात कुणी धावू लागले की वार्ताहर थेट रेल्वेचे वेळापत्रक उघडतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ झाल्या, आणि त्यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवून ते नाव सार्थही केले. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर ‘माणदेशी एक्स्प्रेस’ झाल्या. त्यांची तर नोकरीही रेल्वेतच होती. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि दहाव्या आल्या. प्राथमिक फेरी पार करून ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणाऱ्या, 1984 च्या पी. टी. उषांनंतरच्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढे त्या राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाल्या. स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. त्यांची उंची ठरलेली असते, जागा ठरलेल्या असतात आणि शर्यत सुरू झाल्यावर कुणी नवा अडथळा आणून ठेवत नाही. महसूल खात्याबद्दल एवढी हमी कुणी देणार नाही. उपाधी परत घेण्याची मात्र कुठेच तरतूद नाही. माणूस रोज एसटीने ये-जा करीत असला तरी भाषणात त्याला एक्स्प्रेसच म्हणतात.

इतर देशांत धावणे संपल्यानंतरच्या वर्षांची सोय निरनिराळ्या रीतीने लागते. जपानमध्ये कंपन्यांचे स्वतःचे धावपटूंचे संघ असतात, 1 जानेवारीला त्यांची मोठी रिले शर्यत होते आणि लोक घरात बसून ती टीव्हीवर बघतात. धावणे संपले की त्यातले बरेच जण त्याच कंपनीत टेबलाशी बसतात. शेजारी त्यांच्याबरोबरच भरती झालेला माणूस तोवर साहेब झालेला असतो. केनियातली रीत मराठी वाचकाला सर्वांत ओळखीची वाटेल. एल्डोरेट आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटर उंचीवरचे इटेन या भागात धावपटू बक्षिसाच्या पैशातून आधी जमीन घेतो, मग दुभत्या गायी, मग गावात भाड्याने द्यायला इमारत. लोर्ना किप्लागाटने इटेनमध्ये सराव केंद्रच उभारले. 2012 ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकणारा वेस्ली कोरीर तर निवृत्तीचीही वाट न पाहता 2013 मध्ये अपक्ष म्हणून संसदेवर निवडून गेला. जमीन, दूध आणि निवडणूक हा क्रम पाहून कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला केनिया परदेश वाटणार नाही. हेले गेब्रसेलासीने हॉटेले, इमारती आणि कॉफीचे मळे यांत जम बसवला. 2016 मध्ये तो इथिओपियाच्या अ‍ॅथलेटिक्स महासंघाचा अध्यक्ष झाला आणि दोन वर्षांनी, खेळाडूच विरोधात उभे राहिल्यावर, पायउतार झाला. मॅरेथॉनपेक्षा खुर्चीवर टिकणे कठीण, हे त्याच्याइतके कुणाला कळले नसेल.

महाराष्ट्रात निवृत्त धावपटूचा मुख्य उद्योग म्हणजे सत्कार. सत्काराचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पुष्पगुच्छ या चार वस्तूंपैकी फक्त नारळाची विल्हेवाट लावता येते. शाली बहिणींना, आत्यांना आणि गावाकडच्या म्हाताऱ्यांना वाटून संपतात, तोवर दुसरा ढीग येतो. स्मृतिचिन्ह टाकता येत नाही, कारण त्यावर स्वतःचे नाव असते, आणि कुणाला देता येत नाही, त्याच कारणाने. शोकेसमध्ये जागा संपल्यावर ती कपाटावर जातात, तिथून माळ्यावर. एखाददुसऱ्या करंडकाला मात्र भाग्य लाभते आणि त्यात घरातली पेने, कात्री व लाइटबिले राहू लागतात. दिवाळीच्या आधी घरची मंडळी पितांबरी घेऊन पदके घासतात. तेव्हा पहिल्यांदा उघड होते की जिल्हा स्पर्धेचे पदक पितळी आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेचे तेही नाही. टी-शर्टांची गोष्ट तर वेगळीच. प्रत्येक शर्यतीचा एक, असे शेकडो टी-शर्ट घरात असल्यामुळे वडिलांपासून भाच्यापर्यंत सगळे कुठल्या ना कुठल्या मॅरेथॉनमध्ये धावल्यासारखे दिसतात, आणि अंगात घालण्यापलीकडे गेलेला टी-शर्ट फरशी पुसताना प्रायोजकाचे नाव सर्वांत स्वच्छ दिसते.

सत्कारात भाषणे असतात. जीवन हीच एक मॅरेथॉन आहे, हे वाक्य प्रत्येक वक्त्याला स्वतंत्रपणे सुचते. त्यानंतर सत्कारमूर्तीला विचारले जाते, तुमची मॅरेथॉन किती किलोमीटरची होती? मॅरेथॉन 42.195 किलोमीटरचीच असते, हे उत्तर उद्धट समजले जाते, कारण श्रोत्यांपैकी बहुतेकांनी नगरपालिकेच्या तीन किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये भाग घेतलेला असतो. स्वच्छता मॅरेथॉन, मतदार जागृती मॅरेथॉन, दाजीसाहेबांच्या वाढदिवसाची मॅरेथॉन अशा त्या पुष्कळ असतात आणि सगळ्यांना हिरवा झेंडा दाखवायला माजी धावपटू लागतो. शर्यतीची वेळ सहाची, पाहुण्यांची सव्वासातची. सव्वा दोन तास धावू शकणाऱ्या पायांना सव्वा तास एका जागी उभे राहणे जमत नाही. पोटऱ्या भरून येतात, पण व्यासपीठावर कुणाचे तरी बोट धरून ताणून घेणे शोभत नाही. मंत्री येतात, फुगे सुटतात, झेंड्याच्या एका टोकाला सात हात लागतात आणि फोटोत धावपटू सोडून सगळे येतात.

उत्पन्नाचा दुसरा मार्ग हौशी धावपटूंचा. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासून आणि मुंबईची 2004 पासून सुरू झाली, साताऱ्याला घाटातली अर्धमॅरेथॉन आली, आणि बघता बघता शहरांतल्या चाळिशीच्या मंडळींना पहाटे उठण्याचे वेड लागले. ही मंडळी आयटीत, बँकेत, दवाखान्यात असतात. त्यांच्या मनगटावर धावपटूच्या पहिल्या पगाराहून महाग घड्याळ असते. ती कोचला कॅडेन्स विचारतात, हार्ट रेटचे झोन विचारतात, जेल किती किलोमीटरला घ्यायचे ते विचारतात. धावपटूला वीस वर्षांत जे कळले ते ‘रोज धावा, बरेचसे हळू धावा’ एवढेच असते. एवढ्या साध्या सल्ल्याला महिन्याची फी कोण देणार? म्हणून तो एक्सेल शिकतो. तीच गोष्ट सोळा आठवड्यांच्या रंगीत चौकटींत घालून दिली की शिष्यांचा विश्वास बसतो आणि त्यांची वेळही सुधारते. कधी आयोजक त्याला पेसर म्हणून बोलावतात. पाठीला ‘2:00’ लिहिलेला झेंडा बांधून, 21 किलोमीटर बरोबर दोन तासांत, ना एक मिनिट आधी ना नंतर, पोचायचे. सव्वा तासाच्या आत हे अंतर कापलेल्या माणसाला एवढे सावकाश पळणे फार जड जाते. दुसऱ्या दिवशी त्याचेच पाय दुखतात आणि शिष्य ताजेतवाने असतात. शर्यतीनंतर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पदक पडते. शेजारच्या कुलकर्णी काकूंनी पाच किलोमीटर चालून आणलेले पदक त्याच्या राष्ट्रीय पदकाच्या दुप्पट आकाराचे असते, आणि काकू ते आठवडाभर काढत नाहीत.

तरुण धावपटूंना ‘आमच्या वेळी’ सांगण्याचा हक्क सर्वच निवृत्तांना असतो, पण भारतीय मॅरेथॉनमध्ये त्या हक्काला आकडेवारीचा आधार मिळाला. शिवनाथ सिंग यांनी 1978 मध्ये जालंधरला 2 तास 12 मिनिटे अशी राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली, आणि पुढच्या चार दशकांत तंत्र, बूट, आहारतज्ज्ञ आणि सपाट रस्ते येऊनही ती कुणाला मोडता आली नाही. इतर क्षेत्रांतले म्हातारे पूर्वीचे तूप, पूर्वीची माणसे असे बोलतात तेव्हा पुरावा मागता येतो. इथे पुरावा त्यांच्याकडेच होता, त्यामुळे मैदानावरच्या पोरांना गप्प बसून ऐकावे लागे.

शेवटी बरेच जण पुन्हा शर्यतीत उतरतात. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये 35 वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळतो आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. अमेरिकेच्या जोन बेनॉइट सॅम्युअलसनने 1979 ची बॉस्टन मॅरेथॉन 2 तास 35 मिनिटे 15 सेकंदांत जिंकली; 2019 मध्ये, 61 व्या वर्षी, ती तिथेच 3 तास 4 मिनिटांत धावली. चाळीस वर्षांत फरक अर्ध्या तासाहून कमी. या गटांची खुबी अशी की नव्याने गटात येणारा त्यात सर्वांत तरुण असतो आणि बाहेर पडायला आलेला सर्वांत म्हातारा. त्यामुळे 39 व्या वर्षी हरणारा माणूस 40 व्या वर्षी, आणखी थोडा हळू धावून, जिंकू शकतो. वय लपवण्याचा मोह या खेळात कुणाला होत नाही. उलट जन्मदाखल्यात वडिलांनी शाळेसाठी वय कमी लिहवले असेल तर त्याचा पश्चात्ताप होतो.

राज्य शासनाच्या बहुतेक नोकऱ्यांत निवृत्तीचे वय 58 आहे. खेळाडू कोट्यातून लागलेला कर्मचारी म्हणून दुसऱ्यांदा निवृत्त होतो तेव्हा शाल आणि श्रीफळ तेच असते, फक्त स्मृतिचिन्हाऐवजी भिंतीवरचे घड्याळ मिळते. साहेब भाषणात, आता धावपळ पुरे, आराम करा, असे सांगतात. भाऊसाहेबांचे डोळे भरून येतात. सत्कारमूर्ती हात जोडून उभा असतो आणि 55 ते 59 च्या गटात आपल्याला आता फारशी आशा नाही, साठी गाठेपर्यंत गुडघे सांभाळायला हवेत, म्हणजे दोन पावसाळे ट्रॅकऐवजी मातीवर सराव करावा लागेल, असा हिशेब करीत असतो.